वाचक विचारतात : बालपोषण पाहणीच्या नोंदी कशा सांभाळाव्यात?

प्रश्न : मेळघाटातल्या गावांत आम्ही पाच वर्षांखालील मुलांचं वजन, उंची आणि दंडघेर मोजतो. कागदी फॉर्म एक्सेलमध्ये चढवताना घोळ होतो. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? नकाशाही काढायचा आहे.

उत्तर : कोबोटूलबॉक्स घ्या, म्हणजे फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचं सॉफ्टवेअर. फॉर्म एक्सेलमध्येच बनवता येतो आणि रेंज नसली तरी नोंदी फोनमध्ये साठतात. कोरा फॉर्म मात्र निघण्याआधीच उतरवून घ्या.

खरा फायदा हा, की मूल समोर असतानाच चूक पकडता येते. फॉर्मच्या एक्सेलमधल्या 'कन्स्ट्रेंट' (मर्यादा) या रकान्यात दंडघेराला ७ ते २२ सेंमी मर्यादा घाला, १२.४ ऐवजी १२४ पडलं तर फॉर्म पुढे जाणारच नाही. वय विचारू नका. जन्मतारीख कार्डावरून घ्या आणि महिने फॉर्मलाच काढू द्या, तेही भेटीच्या नोंदलेल्या तारखेवरून. 'आजची तारीख' वापरलीत तर फॉर्म नंतर कधी उघडला की वय बदलू शकतं. मूल झोपवून मोजलं की उभं, हा वेगळा प्रश्न ठेवाच : दोन्हींत सुमारे ०.७ सेंमीचा फरक पडतो.

डेटा एक्सेल फाइल म्हणूनच उतरवा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरी नावांची अनेकदा चिन्हं होतात. एका घरातली अनेक मुलं वेगळ्या शीटवर येतात. ती 'पॅरेंट इंडेक्स'वरून, म्हणजे घराच्या नोंदीचा क्रमांक देणाऱ्या रकान्यावरून, घराशी जोडा.

झेड-स्कोर, म्हणजे मुलाचं मोजमाप प्रमाण मुलांच्या सरासरीपासून किती दूर आहे हे सांगणारा आकडा, जागतिक आरोग्य संघटनेचं डब्ल्यूएचओ अँथ्रो हे सॉफ्टवेअर काढून देतं. उंचीनुसार वजनाचा स्कोर उणे ५ च्या खाली किंवा अधिक ५ च्या वर गेला, तर ते खूण करतं. अशी नोंद न पाहता पुसू नका, आधी मूळ मोजमाप तपासा.

आलेख एकच काढायचा असेल तर हा काढा : प्रत्येक मोजणाऱ्याच्या उंचीच्या नोंदींतला दशांशानंतरचा आकडा, ० ते ९. दहाही खांब साधारण सारखे हवेत. शून्य आणि पाचचे खांब उंच दिसले, तर पट्टी मिलिमीटरपर्यंत वाचली जात नाहीये. पहिल्याच आठवड्यात पाहा. पाहणी संपल्यावर हे दुरुस्त होत नाही.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर घ्या. एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश द्या. उलटं झालं तर मेळघाटातल्या धारणीचे ठिपके उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्ड बेटांजवळ उमटतात. आणि कुपोषित मुलाच्या घराचा ठिपका अहवालात कधीही छापू नका. गावनिहाय आकडा रंगवा. छोट्या गावात एकच मूल असेल, तर शेजारची गावं एकत्र करा.