लाइट गेली की मासे वर येतात

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे तीन फुटी टँक आहे, दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, त्यात सहा गोल्डफिश होते आणि शेजारी काचेच्या बाऊलमधे एक फायटर. मागच्या महिन्यात वादळात रात्री अकराला लाइट गेली ती सकाळी सहाला आली, बघतो तर दोन मोठे गोल्डफिश मेलेले आणि बाकीचे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. फायटर मात्र मजेत, त्याला तर पंपच नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मित्र म्हणतो कॉम्प्युटरचा यूपीएस लाव, दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर घ्या. कमी खर्चात काय होईल? आणि मी घरी नसलो तरी आपोआप चालू व्हायला पाहिजे, माझी शिफ्ट असते.
— एक वाचक, चाकण

उत्तर : आधी फायटरचं सांगतो. फायटर, गुरामी या माशांना कल्ल्यांशिवाय डोक्यात एक वेगळा अवयव असतो, त्यानं ते वर येऊन सरळ हवेतला ऑक्सिजन घेतात, म्हणून त्याला काही झालं नाही. गोल्डफिशला ती सोय नाही आणि वर त्याला ऑक्सिजन लागतो पण भरपूर, त्यातून मोठे मासे आधी जातात कारण त्यांची गरज जास्त. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला साडेसात, म्हणजे उन्हाळ्यात आधीच हात आखडता, आणि गरम पाण्यात माशाची भूक उलट वाढलेली. टँकमधे झाडं असतील तर रात्री अंधारात तीही ऑक्सिजन घेतातच, देत नाहीत.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याला अख्खा टँक बॅटरीवर चालवायचा नाहीये. लाइट, हीटर, मोठा फिल्टर सगळं बंद राहू दे. पाण्याचा वरचा थर हलत राहिला पाहिजे, बास. बुडबुड्यातून थेट पाण्यात जाणारा ऑक्सिजन तसा थोडाच, खरं काम होतं ते बुडबुडे खालचं पाणी वर ढकलतात आणि वर येऊन फुटताना पृष्ठभाग हलवतात तेव्हा. त्याला दोन-तीन वॅटचा एअरपंप आणि एक एअरस्टोन (नळीच्या टोकाला लावायचा बारीक छिद्रांचा दगड) पुरतो.

म्हणून मित्राचा यूपीएस नको. तो बॅटरीतलं १२ व्होल्ट डीसी घेऊन त्याचं घरच्या लाइटसारखं २३० व्होल्ट एसी करतो, त्या करण्यातच दहा-पंधरा वॅट खाऊन टाकतो आणि तुमचा पंप तीन वॅटचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय रात्रभर पीं पीं करणार ते वेगळंच. इन्व्हर्टर आधीपासून घरात असता तर मी म्हटलं असतं की पंपाचा प्लग त्याच्या पॉइंटवर हलवा आणि विषय संपवा, पण फक्त माशांसाठी नवा घेऊ नका.

सगळ्यात सोपं म्हणजे वायफाय राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस आणि १२ व्होल्टचा डीसी एअरपंप. मधे एसी करणं वगैरे काही नाही, पंप चोवीस तास त्याच्यावरच चालतो, लाइट आली काय नि गेली काय त्याला कळत पण नाही. फक्त खोक्यावरचा एमएएचचा आकडा बघून हुरळू नका, तो बहुतेक वेळा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८००० एमएएच म्हणजे जेमतेम ३० वॅट-तास, त्यातले थोडे वाया जातात, म्हणजे तीन वॅटचा पंप आठ-नऊ तास धरा. तुमची सात तासांची रात्र निघून जाईल. पॉवरबँकवर यूएसबी पंप लावायचं पण लोक विचारतात, पण बऱ्याच पॉवरबँका एवढा कमी करंट दिसला की मोबाइल चार्ज झाला असं समजून बंद पडतात, त्यामुळं भरवसा नाही.

दिवस-दिवस लाइट जात असेल तर मग बॅटरी आणि रिले, म्हणजे विजेनं आपोआप बदलणारा स्विच. स्कूटरची जुनी बॅटरी वापरू नका, सीलबंद प्रकारची १२ व्होल्ट ७ एएचची घ्या. ती ८४ वॅट-तासांची, त्यातली निम्मीच वापरायची म्हणजे ती टिकते, तरी तीन वॅटला चौदा तास आरामात. सोबत त्याच बॅटरीचा फ्लोट चार्जर, जो १३.५ ते १३.८ व्होल्टला थांबतो. साधा १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडून चार्ज करायला जाऊ नका. आणि एक २३० व्होल्ट एसी कॉइलचा रिले, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. कॉइल, म्हणजे त्यातली स्विच ओढणारी गुंडाळी, घरच्या लाइटवर. बॅटरीच्या प्लसला लगेच २ अँपियरचा फ्यूज, तिथून वायर रिलेच्या कॉमन टोकाला, एनसीमधून (कॉइलला वीज नसताना कॉमनशी जोडलेलं असतं ते टोक) बॅकअपच्या १२ व्होल्ट डीसी पंपाच्या प्लसला, आणि पंपाचा मायनस थेट बॅटरीच्या मायनसला. लाइट असते तोवर रिले ओढून धरलेला, संपर्क उघडा. लाइट गेली की टक करून सुटतो आणि पंप सुरू. याची गंमत म्हणजे उद्या कॉइल जळली तरी पंप चालूच राहतो, म्हणजे बिघडलं तरी माशांच्या बाजूनंच बिघडतं. २३० व्होल्टची बाजू मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, बंद डबीत, आणि डबी टँकच्या खाली नाही, बाजूला.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा एनसीच्या जागी एनओला, म्हणजे कॉइलला वीज असताना जोडलं जातं त्या टोकाला, वायर लावली होती. बॅकअपच्या दुसऱ्या पंपाचे बुडबुडे मस्त येतायत म्हणून महिनाभर खूश, सगळ्यांना दाखवलं पण. एक दिवस सहज प्लग काढून बघितला, टक आवाज आला आणि बुडबुडे बंद! लाइट असताना चालणारा बॅकअप बनवला होता मी. तेव्हापासून महिन्यातून एकदा प्लग काढून तासभर बसून बघतो, तुम्हीही बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आणि ते कळतं ते असंच.

हे सगळं होईपर्यंत लाइट गेलीच तर माशांना खायला घालू नका, टँकचं झाकण काढा, आणि मगानं टँकचंच पाणी घेऊन वीतभर वरून ओतत रहा, दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा-बारा मग. मुलीला हे काम द्या, बोलायला लागेल.

प्रश्न : माझा कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा) सहा तास बंद होता. लाइट आल्यावर पाणी गढूळ झालं, वास आला आणि मासे तेव्हाच जास्त धापा टाकायला लागले. उलटं कसं काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : उलटं नाही, तसंच होतं. बंद डब्यात पाणी फिरत नाही, आतल्या जिवाणूंनी तिथला ऑक्सिजन संपवला, मग ते स्वतःच मरायला लागले आणि लाइट आल्यावर ते सगळं सडकं पाणी पंपानं टँकमधे सोडलं. तीन-चार तासांच्या वर बंद राहिला तर चालू करायच्या आधी डबा उघडा, आतलं पाणी फेका, मीडिया (जिवाणू राहतात ते स्पंज, रिंगा) टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, नळाच्या नाही, कारण क्लोरिननं उरलेसुरले जिवाणू पण जातील. नंतर आठवडाभर अमोनिया तपासत रहा.

प्रश्न : लाइट गेली की एअरपंपाच्या नळीतून पाणी उलटं येऊन खाली एक्स्टेंशन बोर्डवर सांडतं. पंप खराब आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पंप चांगला आहे, जागा चुकलीये. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली आणि हवेचा दाब गेला की सायफन होणारच. पंप वरच्या फळीवर ठेवा, आणि ते जमत नसेल तर नळीत वीस-तीस रुपयांचा, एकाच दिशेनं हवा सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व टाका. तो लावायच्या आधी तोंडानं फुंकून बघा, ज्या बाजूनं फुंकर आरपार जाते ती बाजू पंपाकडे. बरेच जण उलटा लावतात आणि मग म्हणतात बुडबुडेच येत नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड तर आजच तिथून हलवा, पत्राचं उत्तर छापून यायची वाट बघितली नसेल अशी आशा करतो.