निवृत्तीच्या पैशातून जुनी टोकनं घ्यावीत का?

न्यू जर्सीचे एक वाचक, वय 52, विचारतात: ओळखीच्या डीलरकडे जुन्या अमेरिकी खासगी टोकनांचा (खासगी लोकांनी पाडलेल्या, नाण्यासारख्या धातूच्या चकत्यांचा) साठ नगांचा संग्रह 12,000 डॉलरना मिळतोय. आयआरएतून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यातून, पैसे काढून घेऊ का?

आयआरएला हात लावू नका. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर तर लागतोच, वर 10 टक्के दंड. तुम्ही 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर हातात 12,000 पडायला साडेसतरा हजारांहून जास्त काढावे लागतील. राज्याचा कर वेगळा. टोकनं आयआरएच्याच नावाने घेण्याची पळवाटही बंद आहे. अशी खरेदी म्हणजे पैसे काढलेच, असं कायदा धरतो.

आता तुम्ही पाठवलेली यादी. तीत बहुतेक ‘हार्ड टाइम्स’ टोकनं आहेत. मे 1837 मध्ये बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, लोकांनी नाणी दडवली, सुट्यांचे वांधे झाले. मग दुकानदारांनी सेंटाएवढी तांब्याची टोकनं पाडून घेतली. काहींवर ‘वन सेंट’च्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘नॉट’. म्हणजे नकली नाणं पाडल्याचा ठपका नको! इतिहास झकास आहे, पण झिजलेली साधी टोकनं आजही पन्नासेक डॉलरच्या आतबाहेर मिळतात. तुम्हाला मात्र सरासरी 200 पडतंय. म्हणजे किंमत तीन-चार नगांतच आहे.

त्यातला एक ‘हिगली’ नावाचा तांब्याचा नग, कनेक्टिकटचा, 1737चा. मला खटकतंय ते हेच. अस्सल हिगली एकटाच 12,000च्या वर जायला हवा, आणि त्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून फिरताहेत. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्राशिवाय त्याला शून्य किंमत धरा.

विकताना डीलर तीस टक्के कापून भाव देईल, लिलावातही कमिशन जातं. वर्षभरानंतर विकून नफा झालाच, तर संग्राह्य वस्तू म्हणून त्यावर 28 टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर. घराच्या विम्यातही नाण्यांची भरपाई बहुधा काही शे डॉलरवरच थांबते.

हौस असेल तर पगारातून, वर्षाला हजारभर डॉलरपर्यंत घ्या. यादीतलं ‘टॅलबट, ॲलम अँड ली’चं 1794चं टोकन मलाही आवडलं, भारताशी व्यापार करणाऱ्या न्यूयॉर्कच्या पेढीचं आहे, वर जहाजही आहे. डीलरकडून प्रत्येक नगाचा वेगळा भाव लेखी मागा. तो ‘घ्यायचं तर सगळं’ म्हणाला, तर व्यवहार सोडून द्या.