विचारा, सांगतो : आजोबांची ३१५ आणि भोसरीचं लेथ

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची ३१५ बोअरची (म्हणजे नळीचं माप ०.३१५ इंच) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, हाताने बोल्ट म्हणजे दांडा मागेपुढे करून गोळी भरायची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, आता बाबांच्या लायसन्सवर आहे. भोसरीत ओळखीचे एक लेथवाले आहेत, ते म्हणतात ३१५ कशाला सांभाळताय, नळी बदलून ७.६२ मिलिमीटरची टाकू, मॅगझीनला थोडी घासघूस केली की झालं. खरंच एवढं सोपं असतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. आणि आधी त्या लेथवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगा, मग निवांत बसून पुढचं वाचा.

सगळ्यांचं लक्ष नळीकडे जातं, कारण गोळी तिच्यातून जाते. पण खरी गंमत, म्हणजे खरी डोकेदुखी, असते काडतूस मॅगझीनमधून उचलून नळीत सरकवण्यात. मला हे कळलं ते कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. त्यांनी दोन डमी काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, बुडावरून नख फिरव. ३१५ च्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, तिथे नख अडकलं. ७.६२ च्या बुडाला तशी कड नाही, नुसती खाच आहे, नख सरळ घसरत खाली गेलं. बस, सगळं भांडण या एका कडेचं.

कडेचं काडतूस नळीत जाऊन थांबतं ते त्या कडेवर, बिनकडेचं थांबतं आपल्या खांद्यावर, म्हणजे पितळ जिथे निमुळतं होतं तिथे. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी मागे ओढणाऱ्या आकड्याची, नखी कडेला धरायला केलेली, ती खाचेत नीट बसेलच असं नाही. मॅगझीनचे ओठ एका जाडीच्या, एका उताराच्या काडतुसासाठी वळवलेले असतात, दुसरं घातलं की टोक एकतर वर उडतं नाहीतर खाली नाक घासतं, आणि बोल्ट अर्ध्यात अडकतो. कडेच्या काडतुसांचं तर आणखी एक नाटक, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात, मग बसा ठोकत. आणि या सगळ्याच्या वर प्रेशर. ७.६२ चं प्रेशर जास्त, आणि ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी रायफलींच्या घराण्यात बोल्टचे लॉकिंग लग, म्हणजे त्याला जागी अडकवणारे खुंट, मागच्या बाजूला असतात, तुमची ३१५ त्याच घराण्यातली. तो मागे येणारा धक्का सगळी बॉडी झेलते, आणि तिच्या मागे तुमचा गाल असतो.

तुम्ही म्हणाल, मग इशापूरने स्वतः कसं केलं? केलं ना. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्यांनी थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे त्याच घराण्यातल्या लष्करी रायफलीच्या, धर्तीवर ७.६२ ची रायफल काढली, २ए आणि मग २ए१. पण जुन्या रायफलला घासून नाही, नवीन बनवली. बॉडीचं स्टील बदललं, एक्स्ट्रॅक्टर बदलला, मॅगझीन दहाचं होतं ते नवीन चौकोनी बाराचं केलं. आख्खा कारखाना हाताशी असताना एवढं करावं लागलं.

आणि जिथे स्वस्तात काम उरकायचं होतं तिथे त्याच इशापूरने काय केलं बघा. पोलीस नि पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीची ४१० मस्केट, म्हणजे साधी एकबारी बंदूक केली, तर मॅगझीनच्या जागी सरळ लाकडाचा ठोकळा बसवला, एकेक काडतूस हाताने घालायचं. तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांनी .२२ मारली असेल, तीसुद्धा थ्री नॉट थ्रीचीच धाकटी बहीण. तिचं मॅगझीन म्हणजे रिकामा डबा, आत स्प्रिंगच नाही, पुंगळ्या गोळा व्हायला. आम्ही कॅडेट असताना हवालदारसाहेब एकेक गोळी मोजून हातात द्यायचे आणि शेवटी तो डबा उलटा करून पुंगळ्या मोजून घ्यायचे, एक कमी पडली की आख्खी लाईन गवतात ओणवी. तेव्हा वाटायचं मॅगझीन मोडलंय म्हणून असं. नाही, काडतूस बदललं आणि फीडिंगचा, म्हणजे मॅगझीनमधून काडतूस भरण्याचा, नाद सोडून दिला, एवढंच.

आता कायद्याचं, थोडक्यात. रायफल दुसऱ्या काडतुसासाठी कन्व्हर्ट करणं हे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ खाली येतं, त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि तो नसताना करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही लष्करी बोअर, त्यांची कॅटेगरीच वेगळी, ते प्रकरण पोलीस आयुक्तालयाच्या हातातलं नाही. खरं तर ३१५ जन्माला आली तीच यामुळे, इंग्रजांना लष्कराचं काडतूस लोकांच्या हातात नको होतं. म्हणजे आजोबांनी ज्या कारणाने ३१५ घेतली असेल ते कारण तुमचे लेथवाले एका दुपारी उडवून टाकणार, आणि लायसन्सवर बोअर ३१५ च राहणार! रायफल कुरकुरत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या, लायसन्स सोबत घेऊन.

प्रश्न : वाडा आवरताना पणजोबांच्या पेटीत चार पितळी काडतुसं सापडली, बुडावर इंग्रजीत के एफ आणि ८ एम एम असं कोरलंय. हे कुठलं? शोकेसमध्ये ठेवू का?
– सदाशिव पेठेतून एक आजी

उत्तर : आजी, लांबचं नाही, के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. आणि ८ एम एम म्हणजे वरच्या प्रश्नातलीच ३१५, ०.३१५ इंच म्हणजेच ८ मिलिमीटर. ही बहीणभावंडं एकाच अंकात भेटली म्हणायची. आता नीट बघा, पुढे टोक असलेली गोळी बसलेली आहे का नुसती रिकामी नळकांडी आहेत? बुडाच्या मधल्या गोल टिकलीवर खळगा पडलेला असेल आणि पुढचं तोंड उघडं असेल तर उडवलेली पुंगळी. पण गोळी जागेवर असेल तर ते जिवंत काडतूस, कितीही जुनं असलं तरी, आणि ते लायसन्सशिवाय घरात ठेवता येत नाही. शोकेस नको, नातवाला खेळायला तर नकोच नको, आणि घासूनपुसून चकचकीत करायलाही जाऊ नका. हलवायच्या आधी चौकीत फोन करा, सापडलंय म्हणून सांगा, ते सांगतील तसं जमा करा आणि पोचपावती मागून घ्या. पेटी मात्र ठेवा हो.