टाच दुखतेय, दुकानात फ्लॅट फूट सांगितलं, कस्टम इनसोल घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच टेकवत नाही, थोडं चाललं की मोकळं होतं, पळताना पहिल्या किलोमीटरला त्रास आणि मग कमी. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन करायचीय, आणि बुटांच्या दुकानात मशीनवर पाय स्कॅन करून सांगितलं की फ्लॅट फूट आहे, म्हणजे तळव्याची कमान सपाट आहे, दहा हजारांचे कस्टम इनसोल (पायाच्या मापाने बनवलेले, बुटात घालायचे तळ) घ्या आणि आता कायम वापरा. माझं मत, इनसोल जरूर घ्या पण आधी साधे रेडीमेड घ्या, आणि कायम वापरायचं ते "कायम" डोक्यातून काढून टाका.

तुमची लक्षणं प्लांटर फॅसायटिसची वाटतात, एकदा फिजिओकडून किंवा ऑर्थोपेडिककडून खात्री करून घ्या. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो टाचेजवळ दुखावतो. रात्रभर पाय सैल असतो आणि उठल्या उठल्या त्या पट्ट्यावर अचानक ताण येतो म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. इनसोल कमानीखाली आधार देऊन यातला थोडा ताण वाटून घेतो, टाचेखालचा दाब पसरवतो. एवढंच त्याचं काम, आणि दुखत असताना तेवढंही खूप असतं. पण तो पाऊल "सरळ" करत नाही, काढला की पाऊल होतं तसंच.

हे सरळ करण्याचं खूळ जुनं आहे. अमेरिकेत मर्टन रूट नावाचे पायांचे तज्ज्ञ होते, त्यांनी गेल्या शतकात मांडलं की पावलाची एक आदर्श न्यूट्रल स्थिती असते, त्यापासून हललेलं पाऊल सदोष आणि इनसोलने ते जागेवर आणायचं. दुकानातली स्कॅनिंग अजून त्याच विचारावर चालते. पण डेन्मार्कमध्ये नव्याने पळायला लागलेल्या ९२७ लोकांना एकसारखे न्यूट्रल बूट, म्हणजे पाऊल वळवायला खास आधार नसलेले साधे बूट, देऊन वर्षभर बघितलं, २०१४ साली ते छापून आलं, आणि आत झुकणाऱ्या पावलांच्या (सपाट पावलं बहुधा अशीच असतात) लोकांना जास्त इंज्युरी झाल्या असं काही दिसलं नाही. त्यामुळे सपाट पाऊल म्हणजे आजार नाही हो, आमच्या रनिंग ग्रुपमध्ये ओल्या पायाचा अख्खा ठसा फरशीवर उमटणारे कितीतरी जण मजेत फुल मॅरेथॉन पळतात.

आता कस्टम की रेडीमेड. याचं सगळ्यात कामाचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या एका अभ्यासात आहे, टाचदुखीच्या १३५ लोकांना तीन गटांत वाटलं, एकाला नुसता पातळ मऊ फोम, दुसऱ्याला रेडीमेड, तिसऱ्याला मापाचे बनवलेले. तीन महिन्यांनी रेडीमेड आणि कस्टम दोन्हीवाल्यांचं चालणं-फिरणं फोमवाल्यांपेक्षा थोडं सुधारलेलं होतं, दोघांत विशेष फरक नाही, आणि वर्षाने तिन्ही गट जवळपास सारखेच. म्हणून म्हणते, दहा हजार आत्ताच घालू नका. मापाचे खरंच लागतात ते वेगळे लोक, ज्यांचं पाऊल ताठ आहे, कमान खूप उंच आहे, किंवा एका पायावर उभं राहून टाच उचलताच येत नाही आणि कमान हल्ली हल्ली बसलीय. त्यांनीही डॉक्टरकडून तपासून मगच बनवावेत. आणि डायबेटिसमुळे तळपाय बधिर असतील तर स्वतःच्या मनाने कुठलाच कडक इनसोल घालू नये, जखम झालेली कळत नाही.

आणखी एक गोष्ट जी आपल्याकडे कोणी सांगत नाही. परदेशात बरेच जण घरातही बूट घालून वावरतात, आपण दारातच काढतो. म्हणजे तुमचा इनसोल तासभर रनिंगमध्ये आणि ऑफिसमध्ये काम करणार, आणि सकाळचं ते पहिलं पाऊल, मग ओट्यापाशी उभं राहणं हे सगळं उघड्या पायाने कडक टाइल्सवर. निम्मा दिवस आधारच नाही! त्यामुळे घरात घालायला कमानीला आधार असलेली जाड चप्पल आणा, पलंगाशेजारीच ठेवा, आणि पाय खाली टेकवण्याआधी ती घाला. मी टाचदुखीवाल्या प्रत्येकाला हे पहिलं सांगते.

इनसोल घेताना पळायचे बूट सोबत न्या, आतला मूळ पातळ इनसोल काढूनच नवा घाला, एकावर एक ठेवले तर टाच वर येते आणि बुटातून निसटते, पुढे बोटं दाबून नखं काळी पडतात. घातल्या घातल्या बरं वाटलं पाहिजे, "टोचतंय पण सवय होईल" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. कॅनडातल्या कॅल्गरीचे बेनो निग यांनी धावण्याच्या बुटांवर आयुष्यभर काम केलं, त्यांचाही भर पायाला काय आरामदायी वाटतं यावरच आहे. आधी काही दिवस फक्त चालताना एक-दोन तास, मग छोटा रन, लाँग रन सगळ्यात शेवटी. पावसात भिजले तर काढून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर वाकतात.

पण खरी मेहनत पोटरीची आणि तळव्याची. डेन्मार्कमध्येच तपासलेला एक व्यायाम आहे, टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभं राहायचं, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, एक दिवसाआड. जमायला लागलं की सॅकमध्ये पुस्तकं भरून पाठीवर घ्यायची. तीन महिन्यांनी हे करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट पुढे होते, आणि लक्षात घ्या, टाचेखाली जेलचे पॅड दोन्ही गटांना दिलेले होते. माझं दुखणं नडगीच्या आतल्या बाजूचं होतं, तेव्हा मी एक अख्खा सीझन इनसोल घालून पळाले, पोटऱ्या मजबूत झाल्यावर आधी रोजच्या बुटांतून काढले, मग छोट्या रनमधून, मग सगळीकडून. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यातही असंच, इनसोलने पहिल्या काही आठवड्यांत आराम पडतो आणि फिजिओच्या व्यायामानेही तितकाच पडतो.

टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकते, मुंग्या येतात किंवा पळताना दुखणं वाढतच जातं, यातलं काही असेल तर रनिंग लगेच थांबवून डॉक्टरकडे जा, हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे बारीक तडा असू शकतो किंवा नस दबलेली असू शकते, आणि त्यावर इनसोल हा उपाय नाही.

आठवड्याला किती किलोमीटर होतात आणि ते हल्ली वाढवलेत का हे तुम्ही लिहिलं नाहीये, ते सांगा. तोपर्यंत रनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखली तर पुढचा रन कमी करा, आणि चढ-उतार व स्पीडवर्क (वेगाने पळायचा सराव) सध्या बंद ठेवा.