आधी ठेका, मग रेघ

हाताने चित्रे काढून संगीतमय अॅनिमेशनपट करू पाहणाऱ्या वाचकांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : शाळेतली दहा मुले मिळून फुगडीच्या गाण्यावर तीन मिनिटांची फिल्म काढणार आहेत. चित्रे आधी काढून त्यावर मागाहून गाणे बसवले तर चालेल का? चित्रे साधारण किती लागतील?
— एक शिक्षिका, फोंडा

नाही चालणार. गाणे आधी ठरवा, रेकॉर्ड करा आणि त्यानंतर त्यात एका मात्रेचाही बदल करू नका. फिल्मचा एक सेकंद म्हणजे 24 फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारे एक स्थिर दृश्य). तीन मिनिटांच्या 4,320 फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम दाखवायची पद्धत धरली, तरी एका पात्रासाठी 2,160 चित्रे. एवढे काम झाल्यावर गायिकेने एक ओळ लांबवली, तर तिथून पुढचे सगळे सरकते.

लय ठरवताना 1440 ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागा, म्हणजे एका ठोक्याला किती फ्रेम मिळतात ते कळेल. मिनिटाला 120 ठोके असतील तर 12 फ्रेम, 90 असतील तर 16. लय 100 ची धरली तर 14.4 येतात, आणि घोळ तिथेच होतो. मुले सरसकट 14 धरतात. दर ठोक्याला 0.4 फ्रेम गळते आणि तिसाव्या ठोक्यापर्यंत टाळी अर्धा सेकंद आधीच वाजलेली दिसते. लय 96 ची असेल तर 15 फ्रेम पुऱ्या येतात खऱ्या, पण विषम. दोन-दोन फ्रेमच्या हिशेबात एकाआड एक ठोका चित्राच्या मधोमध पडतो. पहिल्याच फिल्मला 90 किंवा 120 घ्या आणि वादकाच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) वाजवतच रेकॉर्डिंग करा.

मग बार शीट करा. मोठ्या कागदावर आडव्या रांगेत मात्रा, खाली शब्द, त्याखाली कोण काय करते ते. आमच्या मते या कामातला सर्वांत मोलाचा कागद हाच. ‘दुसऱ्या कडव्याच्या समेवर सगळ्या जणी खाली बसतात’ हे इथे ठरले, की कुठल्या फ्रेमवर कुठले मुख्य चित्र (हालचालीचा टप्पा दाखवणारे) हे आपोआप ठरते आणि दहा मुलांत काम वाटता येते.

फुगडीत मेहनत वाचवायला भरपूर वाव आहे. दोघी हात धरून फिरतात. एक फेरी 24 फ्रेमची असेल तर 12 चित्रे, प्रत्येक चित्रात 30 अंश फिरणे. दोघींचा बांधा आणि पेहराव सारखा ठेवला तर अर्ध्या फेरीची सहा चित्रेच पुरतात. पुढच्या अर्ध्या फेरीत त्याच रेघांवर साड्यांचे रंग अदलाबदल करून भरायचे. पण वेग वाढून फेरी 12 फ्रेमवर आली की दोन-दोन फ्रेमची पद्धत सोडा. सहाच चित्रांत 60-60 अंशांच्या उड्या पडतात आणि डोळ्यांना गिरकीऐवजी धक्के जाणवतात. तिथे दर फ्रेमला नवे चित्र हवे. पदर आणि केस शरीराच्या मागे दोन ते चार फ्रेम रेंगाळू द्या. हे विसरले की बाया पुठ्ठ्याच्या वाटतात.

प्रश्न : चवथीला घरी रेकॉर्ड केलेली घुमट आरती (घुमट या तालवाद्याच्या साथीने म्हटलेली) वापरायची आहे. शेवटाकडे लय चढत जाते. ती सॉफ्टवेअरने एकसारखी करून घ्यावी का?
— एक वाचक, डिचोली

अजिबात करू नका. आरतीचा जीव त्या चढत्या लयीतच असतो. वरचा भागाकार इथे लागू पडत नाही एवढेच. आवाजाची लाट पडद्यावर मोठी करून प्रत्येक ठोक्याची फ्रेम मोजा आणि एक्सपोजर शीटवर (कुठल्या फ्रेमला कुठले चित्र ते लिहायच्या तक्त्यावर) लाल पेन्सिलीने खूण करा. आवाज 48,000 हर्ट्झला घेतलेला असला तर एका फ्रेमला आवाजाचे बरोबर 2,000 नमुने (मोजमापे) येतात, हिशेब सोपा जातो. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांच्या खुणा तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा. शामेळाच्या काठ्या आणि घुमटाचा हात एकाच वेळी पडत नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प 24 फ्रेमचा आहे ना, हे चित्र काढण्याआधी तपासा. मोजणी 24 ने झाली आणि फाइल 25 ने चालली, तर तीन मिनिटांची चित्रे 7.2 सेकंद आधी संपतात.

आता हात. उजवा हात कातड्यावर टेकतो ते चित्र ठोक्याच्या एक फ्रेम आधी ठेवा. हात उशिरा पडलेला लगेच खटकतो, किंचित आधी पडलेला खटकत नाही. ठोक्यापूर्वी चार ते सहा फ्रेम हात वर थबकू द्या. वरून खाली येताना फार तर एकच मधले चित्र, तेही ओढल्यासारखे लांबट. टेकल्यावर हात दोन-तीन फ्रेम तिथेच राहू द्या. वर-खालीमध्ये सारख्या अंतराची पाच चित्रे घातली तर वादक घुमट वाजवत नाही, पुसतो असे दिसते. डावा हात विसरू नका. तो मागच्या लहान तोंडावर उघडझाप करून आवाजाचा घुमारा बदलतो. खोल नाद ऐकू येत असताना तळवा घट्ट झाकलेला काढला, तर वाजवणारा पहिल्या कडव्यातच पकडेल. आणखी एक गोष्ट. आजचे घुमट दाखवायचे असेल तर जुने फोटो पाहून कातड्यावर खवले काढू नका. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आहे, आता बकऱ्याचे कातडे चढवतात.

प्रश्न : मराठी-कोंकणी गाण्यासाठी ओठांच्या हालचाली कशा ठरवायच्या? इंग्रजी तक्ते जुळत नाहीत.
— अॅनिमेशनची विद्यार्थिनी, म्हापसा

सात तोंडे पुरतात : मिटलेले, ‘आ’चे, ‘ई’चे, ‘ए’चे, ‘ओ’चे, ‘ऊ’चे, आणि ‘व’साठी खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेलेले. ट, ड, ळ जिभेने होतात, ओठांवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे चित्र नको. कोंकणीतले अनुनासिक स्वरही ओठांवर दिसत नाहीत.

प, फ, ब, भ, म यांना मात्र ओठ किमान दोन फ्रेम मिटलेच पाहिजेत. जागा नसेल तर आधीच्या स्वरातून काढून घ्या, हे मिटणे गाळू नका. गाण्यात स्वर लांबतो, तेवढा वेळ तोंड उघडेच असते. ताना-मुरक्यांत दर सुराला तोंड उघडमीट करणे ही सर्रास होणारी चूक. खरा गायक तेव्हा जबडा जेमतेम हलवतो. हालचाल मान, भुवया आणि श्वासात दाखवा. ओळ सुरू होण्याआधी सहा-आठ फ्रेमचा श्वास काढलात, तर ओठ थोडे चुकले तरी गाणे त्याचेच वाटते.

प्रश्न : पेन्सिल टेस्ट (कच्ची चित्रे आधी चालवून पाहणे) टाळली तर वेळ वाचेल का?
— एक वाचक, साखळी

वाचणार नाही. फक्त मुख्य चित्रे फोनने टिपून गाण्यावर चालवून पाहा. ठेका इथे चुकत असेल तर मधली चित्रे भरून तो सुधारत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कागद फुगतो, चित्रे चालवल्यावर सगळे थरथरते. उपाय?
— एक वाचक, काणकोण

कागदाचे तंतू दमटपणाने फुगतात, आणि लांबीपेक्षा तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. म्हणून एका दृश्याचे सगळे कागद एकाच रिममधले आणि एकाच दिशेने कापलेले हवेत. भोकेही एकाच पंचने पाडा. मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना दोन लांबट खुंट्या असलेली पेग बार (कागदाची भोके अडकवायची पट्टी) वापरा. दोन भोकांच्या ऑफिस पंचची भोके दमट हवेत लवकर सैल होतात. चित्र पेगवरून सारखे काढू-घालू नका. पलटून पाहायचे असेल तर बोटांत धरून पलटा.

कोरे कागद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. वापरायच्या आदल्या दिवशी बाहेर काढा, म्हणजे ते खोलीच्या हवेला सरावतात. लाइट बॉक्समध्ये ट्यूब असेल तर ऊब खालच्या कागदाला सुकवते आणि कडा वळतात. एलईडी बरी. चित्रे ज्या दिवशी काढून झाली त्याच दिवशी स्कॅन करता आली तर उत्तम.

तरीही फरक राहणारच. त्यावर उपाय म्हणजे कोऱ्या कागदाच्या चारही कोपऱ्यांत आधीच बारीक फुल्या छापून घ्या. फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर पेग बार पक्की चिकटवा, 300 डीपीआयला स्कॅन करा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्र फुल्यांवर जुळवून घ्या. कागद आपोआप ओढणारे स्कॅनर वेळ वाचवतात, पण त्यांचे रबरी रूळ दमट कागद तिरका ओढतात. भोके खराब झालेला कागद टाकू नका. भोकांचा भाग कापून, पंच केलेली नवी पट्टी फुल्यांच्या अंदाजाने मागून चिकटवली की तो पुन्हा कामी येतो.