समुद्राकाठचं घर घेण्याआधी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

दापोलीकडे घर बघून आलीस हे बाबांकडून कळलं. समुद्र पाच मिनिटांवर, स्लॅबचं घर, वीसेक वर्षांचं, आणि मालकांनी नुकताच रंग दिलेला. टोकन देण्याआधी इंजिनिअरकडून तपासून घेते आहेस, हे फार बरं केलंस. माझी सगळी नोकरी किनारपट्टीवरच्या बांधकामांत गेली. म्हणून त्या तपासणीत काय कळेल आणि काय कळणार नाही, ते सविस्तर लिहितो.

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली असं धरू नकोस. कर्जाला तारण पुरेसं आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. तुला हवा तो घराच्या तब्येतीचा लेखी अहवाल. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घे. इंजिनिअर घर बघत असताना तू पूर्ण वेळ त्यांच्याबरोबर फिर. घराला निदान तीन तास द्यायला हवेत. अर्ध्या तासात "सगळं ठीक आहे" म्हणून निघणारा माणूस फुकट आला तरी परवडत नाही.

किनाऱ्यावर घराचं खरं वैर खाऱ्या वाऱ्याशी असतं. हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतं, सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फाटतं. आधी सळईच्या रेषेत केसाएवढी चीर येते, मग तपकिरी डाग उमटतो, मग पोपडा सुटतो. म्हणून नव्या रंगाची मला धास्ती वाटते. मालकांच्या मनात खोट असेलच असं नाही, पण चीर आणि डाग हे दोन्ही पुरावे रंगाखाली जातात. रंग देण्याआधीचे फोटो असतील तर मागून घे.

इंजिनिअर हातोडीने स्लॅब, तुळया, कॉलम ठोकून बघतील. तिथे कान दे. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं असेल तर आवाज बद्द येतो. असा आवाज येईल त्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करायला सांग आणि फोटो काढ. सर्वांत जास्त वेळ छज्ज्यांना आणि बाल्कनीला द्यायला लाव. बाल्कनीचा पुढे आलेला भाग खालून सगळेच बघतात, पण त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. पाणी साचतं तेही वरच, भिंतीला लागून. तिथली सळई गंजली तर खालून काही दिसायच्या आत तो भाग कोसळू शकतो. तेव्हा शिडी लावून वर चढायला सांग. छज्जा भिंतीला जोडतो त्या रेषेत आडवी भेग आहे का, हे तू स्वतःही बघ.

आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेला उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, हवा, आणि लाटांचे तुषार येत असतील तर ५० मिमी. छज्ज्यांना एवढं कव्हर क्वचितच मिळालेलं असतं. कव्हर मीटरने ते न तोडता मोजता येतं. शंका आली तर ड्रिलने काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइडसाठी, म्हणजे मिठाचा अंश मोजायला, प्रयोगशाळेत पाठवतात. ही चाचणी वेगळे पैसे देऊन करून घ्यावी लागते, पण या घरासाठी ती करच. बांधकामात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत असतं. ते हातोडीला कळत नाही.

दुरुस्तीचा आकडा सांगताना कोणी "पोपडे काढून प्लास्टर करू" म्हणाला तर थांब. आजूबाजूच्या काँक्रीटमधलं मीठ तसंच राहिलं तर ठिगळाच्या कडेची सळई आणखी जोराने गंजते. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट तोडणं, गंज साफ करणं, सळई झिजली असेल तर जोड देणं आणि मग पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं मॉर्टर भरणं, असं ते काम असतं. त्या हिशेबाने खर्च धर.

गच्चीवर पावसाळी पत्र्याची शेड आहे म्हणालीस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे आणि कौलं किती उडाली ते तिथलं कोणीही सांगेल. या शेडचं काय झालं होतं, हे शेजाऱ्यांना विचार. पत्रे धरून ठेवणारे जे-हुक गंजलेत का, खांब नुसते प्लेटवर बोल्ट केलेत की स्लॅबमध्ये नीट अडकवलेत, हे इंजिनिअरना बघायला लाव. विजेचं अर्थिंग, खिडक्यांची कडी-कुलुपं, दारांना वाळवी, हे ते ओघात बघतीलच.

विहिरीचं पाणी मात्र त्यांच्या तपासणीत येत नाही. ते तू वेगळं तपासून घे, आणि मे अखेरीस घे. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या खूप विहिरी गोड असतात. उपसा वाढला आणि पातळी खाली गेली की खारं पाणी आत सरकतं. आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. उलट गळती बघायला जुलै उत्तम. दोन्ही ऋतूंत जमत नसेल तर निदान शेजाऱ्यांना उन्हाळ्याचं पाणी आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही विचार.

घर कायदेशीर आहे की नाही, हेही इंजिनिअर सांगणार नाहीत, ते वकिलाचं काम. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, निर्बंध १९९१ पासून आहेत, म्हणजे हे घर त्यानंतरचं. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असायचं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या भागांसाठी ते ५० मीटर झालं. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. मूळ परवानगी, बिगरशेती आदेश आणि सातबाऱ्यावरची सगळी नावं बघ. कोकणात सामाईक नावं बरीच असतात. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आहे त्या जोत्यावर करता येते. अनधिकृत असेल तर तीही अडते.

अहवालात "पास" किंवा "नापास" असं काही लिहिलेलं नसेल. कुठे काय आढळलं, कोणती जागा बघता आली नाही आणि कोणतं काम आधी करायला हवं, एवढं त्यात हवं. न बघितलेल्या जागांची यादी स्वतंत्र मागून घे. फॉल्स सीलिंग असेल तर एक कोपरा उघडायची परवानगी मालकांकडून आधीच घेऊन ठेव.

किमतीचं बोलणं अहवाल हातात आल्यावरच कर. बाल्कनीच्या वरच्या अंगाचे फोटो आणि क्लोराइडचा रिपोर्ट मला पाठव. रविवारी संध्याकाळी फोन कर, आपण आकडे एकत्र बघू.

तुझा,
काका