सरकारच्याच यादीतलं खोटं कॉलेज

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेत एमएस करून आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करायची जी परवानगी मिळते तिच्यावर, नोकरी करतेय. रोज त्या आईसवाल्यांचे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांचे, व्हिडिओ बघतो, तोंडाला मास्क लावलेली माणसं लोकांना रस्त्यावरून उचलून गाडीत घालतात, आणि मग रात्री झोप लागत नाही. मुलगी म्हणते, बाबा माझे सगळे पेपर्स क्लिअर आहेत, मी काही चुकीचं केलेलं नाही, मला काय होणारे? तिचं बरोबर आहे का? – एक वडील, सांगली

उत्तर: दादा, पेपर्स नीट असणं ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ते तिने केलंय, त्यामुळे रोज फोन करून तिला घाबरवू नका. पण "मी चुकीचं केलं नाही म्हणजे मला काही होणार नाही" असं मी आता कुणालाच खात्रीने सांगत नाही, आणि त्याला कारण मिशिगनमधलं एक कॉलेज आहे.

डेट्रॉइटजवळ फार्मिंग्टन हिल्स म्हणून गाव आहे. तिथे 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' होती. ऑफिस होतं, शिक्का होता, लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य होतं, वेबसाइटवर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. आणि मुख्य म्हणजे परदेशी मुलांना प्रवेश द्यायची परवानगी असलेल्या कॉलेजांची जी यादी अमेरिकन सरकार स्वतः ठेवतं ना, त्या यादीत तिचं नाव होतं. आपल्याकडे मुलाला पाठवायच्या आधी आईबाप काय बघतात, तर हेच बघतात, की सरकारमान्य आहे ना. आहे म्हटल्यावर लोन काढायचं.

त्या युनिव्हर्सिटीत एकही शिक्षक नव्हता, एकही वर्ग भरत नव्हता. ती चालवत होते आईसचेच लोक, नाव बदलून, 2015 पासून. जानेवारी 2019 मध्ये त्यांनी पडदा उघडला तोवर साधारण 600 विद्यार्थ्यांनी नाव घातलेलं होतं. पहिल्या फेरीत 130 जण पकडले त्यातले 129 भारतीय, पुढे हा आकडा 250 च्या आसपास गेला. आपली जास्त मुलं तेलुगू भाषिक होती म्हणून मराठी पेपरांत दोन दिवस बातमी आली आणि विषय संपला.

सरकारी वकिलांचं म्हणणं असं की वर्ग भरत नाहीत हे मुलांना माहीत होतं, फक्त व्हिसा टिकवून काम करायला ते पैसे भरत होते. काहींच्या बाबतीत ते खरं असेलही, मी सगळ्यांना धुतल्या तांदळासारखं म्हणणार नाही. पण काही जण असेही होते की ज्यांच्या आधीच्या कॉलेजची मान्यता गेली होती, घाईघाईत दुसरं शोधायचं होतं आणि हे यादीत दिसलं. वर्ग कधी सुरू होणार म्हणून विचारणारी मुलंही होती, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. मुलं गोळा करून देणाऱ्या आठ एजंटांवर खटले भरले, ते भरायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की जी यादी बघून मुलाने कायदा पाळायचा त्याच यादीत सरकारने खोटं नाव घातलं, वर्षाला साधारण 12,000 डॉलर फी घेतली, आणि मग त्याच मुलाला म्हटलं की तू फसवलंस. फी परत दिली नाही. एका विद्यार्थ्याने सगळ्यांच्या वतीने दावा लावला तो खालच्या कोर्टाने फेटाळला होता, जून 2024 मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की नाही, हा दावा चालेल.

आणि हे 2019 ला संपलं असंही नाही. परदेशी विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड ज्या सेव्हिस सिस्टीममध्ये असतं ती आईसच्याच हातात आहे. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांनी मुलांची नावं पोलिसांच्या डेटाबेसमधून फिरवली आणि 4,700 च्या वर रेकॉर्ड बंद करून टाकली, त्यात किती जणांचं प्रकरण साधं ट्रॅफिकचं किंवा कोर्टाने कधीच निकाली काढलेलं होतं. मुलांना कुणी विचारलं नाही, खुलासा द्यायला वेळ दिला नाही. पोरं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी फैलावर घेतलं, तेव्हा एप्रिलच्या शेवटी रेकॉर्ड परत चालू केली. तर तुमची मुलगी बरोबर आहे दादा, पण समोरचा बरोबर वागेल हे तिच्या हातात नाही.

प्रश्न: देश त्यांचा, नियम त्यांचे. बेकायदा घुसलेल्यांना हाकलणारच ना? आपण इथे बसून त्यांच्या खात्यावर टीका का करायची? – एक वाचक, पुणे

उत्तर: हाकलायचा हक्क आहेच, तो कुणी नाकारत नाही. पण 5 फेब्रुवारी 2025 ला लष्करी विमान अमृतसरला उतरलं त्यात आपले 104 जण होते, तिघे महाराष्ट्रातले, आणि माणसांच्या हातात बेड्या, पायात साखळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी जयशंकर राज्यसभेत म्हणाले की आईसची ही पद्धत 2012 पासून आहे. असेल. इतकी वर्षं चालली म्हणून ती बरोबर होत नाही. व्हिसा संपल्यावर राहिलं तर तिथे तो दिवाणी मामला धरतात, मग खुन्यासारखं बांधून कशाला आणायचं?

दिवाणी म्हटलं की सोपं असेल असं वाटतं, पण तसं नाहीये. फौजदारी आरोपीला गरीब असला तर सरकार वकील देतं, हाकलण्याच्या प्रकरणात नाही. निकाल देणारे इमिग्रेशन न्यायाधीश स्वतंत्र कोर्टातले नसतात, ते न्याय खात्याचेच नोकर. आणि अटकेचा जो कागद असतो त्यावर बहुतेक वेळा न्यायाधीशाची सहीच नसते, वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं, म्हणजे आईस ज्याच्या हाताखाली येतं त्याचं, नाव आणि खाली त्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची सही. हे खातं 9/11 नंतर 2003 मध्ये उभं राहिलं, आणि जुलै 2025 च्या कायद्याने आईसला सुमारे 75 अब्ज डॉलर जादा दिले, त्यातले 45 अब्ज नुसते कोठड्यांसाठी. एवढा पैसा, एवढी ताकद आणि अडवणारा माणूस बाहेरचा नाही, याच्यावर बोलायला अमेरिकन असावं लागत नाही, आपली पोरं तिथे आहेत.

प्रश्न: मुलगा तिकडे एकटा आहे. आम्ही इथून काय करू शकतो? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, त्याचा आयट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), पासपोर्ट, व्हिसाच्या कॉपी तुमच्याकडे ठेवा. ओपीटीचं कार्ड असेल तर त्यावर यूएससीआयएस नंबर म्हणून नऊ आकडे असतात, तोच त्याचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला त्याचा नोंदणी क्रमांक. पकडलेल्या माणसाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवतात, तेव्हा आईसच्या वेबसाइटवर तो नंबर आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. त्याला सांगून ठेवा, दार वाजलं तर लगेच उघडायचं नाही, कागद खिडकीतून दाखवा म्हणायचं आणि कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही आहे का ते बघायचं. पकडलंच तर भारतीय दूतावासाला कळवा असं स्वतः मागायचं, व्हिएन्ना कराराने तो हक्क आहे. आणि तुम्ही तो ए-नंबर एका कागदावर लिहून फ्रीजवर लावून ठेवा, फोनमध्ये ऐनवेळी सापडत नाही.